सिकंदराबादची पेटी: तीन इंजिनं, तिसरा महिना

मॉडेल रेल्वेची जुनी पेटी घरी येऊन तीन महिने झाले. आजचा हिशोब असा: एक इंजिन धावतंय, एक खोलून ताटात ठेवलंय, आणि एक वाचलं नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिकंदराबादला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या घरचं जुनं सामान मुलांनी विकायला काढलं होतं. ओळखीतून कळलं, परभणीहून देवगिरी एक्सप्रेस धरली आणि गेलो. पत्र्याच्या ट्रंकेत तीन इंजिनं, चार प्रवासी डबे, गंजलेले रूळ आणि एक कंट्रोलर. साडेआठ हजारांत सगळं. परदेशातून एखादं चांगलं इंजिन मागवायचं तर टपाल आणि कस्टमची भर धरून तेवढे पैसे एकट्याला लागतात, म्हणून मी फारशी घासाघीस केली नाही. जुन्या इंजिनांच्या मागे हिंडणाऱ्यांना माझं सांगणं आहे की खिशात एक ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी ठेवाच. चाकांना दोन्ही बाजूंनी टोकं लावली की मोटर जिवंत आहे का, ते विकणाऱ्यासमोरच कळतं. त्या दिवशी तिघांपैकी एकच हललं, तेही टकटक आवाज करत. तरी घेतलं. साहेबांनी प्रत्येक इंजिन स्वतंत्र मलमलीच्या फडक्यात गुंडाळलं होतं. इतक्या मायेने ठेवलेली वस्तू भंगारात जाऊ देणं मला जमलं नसतं.

आजचं लिखाण मुख्यतः पहिल्या इंजिनाबद्दल. ब्रिटिश बनावटीचं छोटं टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं), ओओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या १:७६ मापाचं. सहा चाकं, सगळी साइड रॉडने जोडलेली. दोन रुळांमधलं अंतर आपलं नेहमीचं, १६.५ मिलिमीटर. चाकांच्या कडा जुन्या पद्धतीच्या, खोल आहेत. बारीक रुळांवर त्या खिळ्यांना ठेचकाळतात, त्यामुळे हे इंजिन कोड १०० च्या (०.१ इंच उंचीच्या) जाड रुळांवरच चालवायचं हे आधीच ठरवलं.

बॉडी काढली आणि खोबरेल तेलाचा वास आला. कुणीतरी गिअरमध्ये खोबरेल घातलं होतं. वर्षानुवर्षांत त्याचा पिवळा चिकट राळेसारखा थर झालेला, त्यात गालिच्याचे तंतू आणि दोन केस. धातूचे भाग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून जुन्या टूथब्रशने साफ केले. प्लास्टिकच्या बॉडीला रॉकेल, पेट्रोल, थिनर काहीच लावू नका. ती कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतली. इथे आपल्या भागातल्यांना एक सूचना: शेवटी बोअरच्या पाण्यात खळबळून घेऊ नका. आमच्या पाण्यात इतका क्षार आहे की काळ्या रंगावर वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी वीस-पंचवीस रुपयांना मिळतं, तेच वापरा. तेल म्हणून आता शिलाई मशीनचं, तेही सुईच्या टोकाने एकेक थेंब.

मग मोटर. या इंजिनाची मोटर उघडी असते: मध्ये आर्मेचर (फिरणारी तारेची गुंडाळी), एका बाजूला ठोकळ्यासारखा चुंबक, दोन कार्बन (ब्रश), आणि दोघांना कम्युटेटरवर, म्हणजे गुंडाळीला करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, दाबून धरणारी केसपिनेसारखी वाकवलेली एकच तार. बॅटरी लावली की मोटर गप्प आणि बॅटरी गरम. म्हणजे शॉर्ट. भिंगाखाली धरल्यावर कारण सापडलं. एक कार्बन इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो आणि दुसरा त्यापासून वेगळा ठेवलेला. त्यामुळे त्या तारेच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असावी लागते. ती नळीच नव्हती. करंट आर्मेचरमध्ये न जाता तारेतूनच या कार्बनवरून त्या कार्बनवर जात होता. जुन्या टेलिफोनच्या वायरचं तीन मिलिमीटर साल सोलून त्या पायावर चढवलं. हे काम पाच मिनिटांचं, शोधायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या.

कम्युटेटर काळा पडला होता. मी पॉलिश पेपर काढलाच होता, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिक्सर दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांना आधी विचारलं. ते म्हणाले, "पेपर नका मारू सर. चरे पडले की त्यात कार्बन बसतो, अन् मग रोजचंच दुखणं. काडी घ्या, खाचा कोरा, अन् स्पिरिटनं पुसा." काडेपेटीची काडी तासून तीन पट्ट्यांमधल्या तिन्ही खाचा कोरल्या. तांबं गुलाबी दिसेपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. चाचांनी पैसे घेतले नाहीत, इंजिन मात्र बराच वेळ हातात घेऊन बघत बसले.

आता मोटर फिरली. पण कशी? रिकामी भन्नाट पळायची, दोन मिनिटांत हाताला चटका बसेल इतकी तापायची आणि बोटाने जरा अडवली की थांबायची. मीटर लावला तर १२ व्होल्टला ०.६५ अँपिअर. जास्त वेग, जास्त करंट आणि जोर नाही, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर चुंबक उतरलाय असं समजावं. जुन्या मोटरींतले अल्निकोचे (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे) चुंबक एका गोष्टीला फार नाजूक असतात. दोन ध्रुवांमधलं आर्मेचर बाहेर काढलं की चुंबकीय रेषांची वाट तुटते आणि चुंबक स्वतःच स्वतःचा जोर घालवतो. म्हणून आर्मेचर काढण्याआधी ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी बसवायची असते. आधीच्या कुणीतरी ती न बसवता मोटर खोलली असणार. चुका अशाच एकामागून एक होतात: तेल चुकीचं, म्हणून मोटर जड, म्हणून ती खोलली, म्हणून चुंबक गेला आणि जोडताना नळी हरवली. भिंगाखाली बघताना त्या माणसाची सगळी धडपड मला दिसत होती.

अशा ठिकाणी आता बरेच जण निओडिमियमचे छोटे चुंबक बसवतात. ते स्वस्त आहेत आणि जोरही भरपूर देतात. माझं मत वेगळं आहे. मूळ भाग बरा होत असेल तर तोच ठेवावा, म्हणजे पुढच्या माणसाला हे इंजिन कारखान्यातून निघालं तसं बघता येईल. माझी सोय अशी की मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, आणि हॉल इफेक्टच्या प्रयोगासाठी आमच्याकडे मोठा विद्युतचुंबक आहे. विभागप्रमुखांची परवानगी घेतली. होकायंत्राने आधी ध्रुव तपासून चुंबकावर लाल टिपका दिला. उलटा चार्ज झाला असता तर इंजिन उलट धावलं असतं. नेहमीच्या रिवाजात उजवा रूळ धन असला की इंजिन पुढे जायला हवं. मोटर पूर्ण जोडलेल्या स्थितीतच, आर्मेचर जागेवर ठेवून, चुंबकाच्या दोन्ही तोंडांना पोल टेकवले. करंट हळूहळू वर नेला, काही सेकंद ठेवला, पुन्हा खाली आणला. घरी येऊन मोजलं तर त्याच १२ व्होल्टला ०.२८ अँपिअर. वेग निम्म्यावर आला आणि बोटाने अडवलं तर बोटच ढकलू लागलं.

मला वाटलं, झालं. सगळं जोडून रुळावर ठेवलं. चाललं, पण प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळायचं. मी जोडीच्या दोन चाकांमधलं आतलं माप घेतलं, १४.५ मिलिमीटर बरोबर. गिअर बघितले, स्वच्छ. पिकअपच्या (चाकांवरून करंट घेणाऱ्या) पट्ट्या वाकवून बघितल्या, पुन्हा सरळ केल्या. आठवडा गेला.

आमचे आबा पूर्ण्याच्या मीटर गेजच्या शेडमध्ये फिटर होते. वायपी, वायजी या वाफेच्या इंजिनांवर उमेदीची वर्षं गेली. मनमाड-हैदराबाद हा निजामाच्या काळातला रस्ता तेव्हा मीटर गेजचाच होता, आणि पूर्णा-अकोला तर २००८ साली ब्रॉड गेज झाला. आता आबांचं वय एक्याऐंशी. डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. माझ्या छंदात ते कधी पडत नाहीत, नुसते बाजेवर बसून असतात. त्या दिवशी मी पाठमोरा होतो. मागून आवाज आला.

"लंगडायलंय की रं हे."

"पिकअपचा प्रॉब्लेम दिसतोय, आबा."

"करंटचं असतं तर कुठंबी अडलं असतं. हे एकाच जागी अडायलंय. कान दे."

इंजिन त्यांनी उचलून मागितलं. चष्मा वर सारला, इंजिन डोळ्यापासून चार बोटांवर धरलं आणि अंगठ्याने चाक अगदी सावकाश फिरवलं. एका ठिकाणी अंगठा थांबला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मग म्हणाले, "मागच्या एक्सलचं क्वार्टरिंग गेलंय. चाक एक्सलवर सरकलंय."

क्वार्टरिंग म्हणजे काय, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डाव्या आणि उजव्या चाकाच्या क्रँक पिना एकमेकींशी ९० अंशांत ठेवतात. मोठ्या इंजिनात त्याचं कारण सरळ आहे: एका बाजूचा पिस्टन डेड सेंटरला, म्हणजे धावेच्या अगदी टोकाला, अडकला असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असतो, त्यामुळे इंजिन कुठेही थांबलं तरी तिथून सुटू शकतं. आपल्या मॉडेलला ओढते मोटर, तरी साइड रॉड असल्याने हा नियम लागूच राहतो. मी बरोबर ९० कसे मोजायचे या विचारात होतो, कोनमापक शोधायला उठलोही. आबांनी बसवलं.

"नव्वदच पाहिजे असं काही नाही. अठ्ठ्याऐंशी असू दे, ब्याण्णव असू दे. तिन्ही एक्सलला सारखं पाहिजे. मधलं गिअरचं हाय ना? त्याला हात लावू नको. बाकीचे दोन त्याच्याशी मिळव."

हे वाक्य मला एकाही पुस्तकात मिळालं नव्हतं. रॉड काढले. मधलं चाक प्रमाण धरलं. डाव्या बाजूच्या तिन्ही पिना अगदी खाली आणल्या, म्हणजे उजव्या बाजूच्या तिन्ही एकाच दिशेला आडव्या यायला हव्यात. चाकांच्या आऱ्यांतून पलीकडच्या आऱ्या बघितल्या. पुढचं आणि मधलं जुळत होतं, मागचं जेमतेम अर्ध्या आरीने फिरलेलं. एवढ्याशा फरकाने सगळी लंगड. एक्सल धरून चाक हाताने पिळलं, रॉड अडकवला, फिरवलं, पुन्हा काढला. सात वेळा. सातव्यांदा रॉड पिनेवर आपसूक सरकला, दाबावा लागला नाही. आबा म्हणाले, "अस्संच पाहिजे. रॉड ठोकून बसवायचा नसतो." चाक पुन्हा सरकू नये म्हणून एक्सलवर रिटेनिंग कंपाउंडचा (धातूचे भाग जखडणाऱ्या गोंदाचा) टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. शेवटी आरशाच्या काचेवर उभं करून प्रत्येक चाकाखाली सिगारेटचा कागद सरकवून बघितला. सहाही चाकं टेकलेली.

दुसरं इंजिन अमेरिकी डिझेल, एचओ, म्हणजे १:८७. मूळ नमुना अल्को कंपनीचा, म्हणून माझा त्याच्यावर विशेष जीव. आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-२ आणि मीटर गेजचं वायडीएम-४ ही दोन्ही अल्कोचीच घडण, २५१ जातीचं इंजिन पोटात घेतलेली. टकटक करणारं हेच. एक्सलवरचं प्लास्टिकचं गिअर चिरलंय. वर्षांनुवर्षं धातूच्या एक्सलवर ताणून बसलेलं प्लास्टिक आकसतं, चीर पडते, चिरेपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि फेऱ्याला एकदा दाता दात्यावर आपटतो. चिकटवून काही होत नाही, या जातीचं प्लास्टिक गोंद धरतच नाही. दाते मोजले, एक्सलचा व्यास कॅलिपरने घेतला, नवीन गिअर मागवलंय. चार एक्सल आहेत, एक चिरलं म्हणजे बाकीचीही त्याच वयाची. चारही बदलणार.

तिसऱ्याबद्दल लिहायला हात जड होतो. खालचा ठोकळा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा होता, त्याला जस्ताची कीड लागली आहे. ओतताना जस्तात शिशासारखी भेसळ राहिली तर धातू आतून कणाकणाने फुटत जातो, फुगतो, वाकतो. यावर इलाज नाही. बाहेरून केसासारख्या रेघा दिसत होत्या. स्क्रू सोडवला आणि कोपरा शिळ्या भाकरीसारखा हातात आला. मोटर, चाकं, दिवा आणि बॉडी शाबूत आहेत, ती नीट पुसून, नावाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवली. कुणाकडे याच जातीचा चांगला ठोकळा आणि फुटकी बॉडी असेल तर मला जरूर कळवा. मी बॉडी द्यायला तयार आहे, एकमेकांकडून एक तरी इंजिन पुरं होईल.

परवा गच्चीवरच्या खोलीत टँक इंजिनाची ट्रायल घेतली. वर पत्रे आहेत, मे महिन्यात खोलीचा भट्टा होतो आणि रूळ लांबतात, म्हणून सांध्यांत मिलिमीटरभर फटी सोडल्यात. आबा जिने चढून वर आले. मी चारही डबे जोडून ठेवले होते. त्यांनी ते काढायला लावले. शेडमध्ये दुरुस्ती झालेलं इंजिन आधी लाइट चालायचं, म्हणाले, लोड नंतर. मग वीस मिनिटं एकटं इंजिन गोल फिरत राहिलं, दहा एका दिशेने, दहा उलट. आबांनी मध्येच खाली वाकून रुळाला कान लावला. काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "उद्या लोड लाव."

काल लावला. इंजिन चारही डबे घेऊन वळणावर चढलं, मीटरवर ०.४ अँपिअर, मोटर कोमट. तिसरा डबा मात्र एकाच जागी उतरतोय. त्याच्या चाकांचं आतलं माप १३.८ निघालं, ते १४.५ वर आणायचं आहे. गिअरचं पार्सल आलं की डिझेलचंही लिहितो.