ओव्हन नाही, कॉर्नफ्लेक्स आहेत

रविवार, रात्री साडेदहा

पोरं झोपली एकदाची. ओट्यावर चॉकलेटचे डाग आहेत ते उद्या बघू, आधी हे लिहून काढते, कारण आज दिवसभर जे काय बोलणं झालं त्यातलं निम्मं मी सकाळपर्यंत विसरणार.

तर पोरांना नाताळचं काहीतरी करायचं होतं. करायचं म्हणजे स्वतःच्या हातांनी, विकत आणून ताटलीत मांडायचं नाही, अशी थोरलीची अट. म्हापशात डिसेंबर लागला की गल्लीगल्लीत स्टार लागतात, शेजारच्या आंटींनी नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, पत्र्याच्या डब्यात नाचणी पेरलीय तिचं आता हिरवंगार गवत झालंय, आमची दोघं रोज संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडायला जातात आणि घरी येऊन माझं डोकं खातात, आई आपण काय करायचं, आपण काय करायचं. धाकट्याला केक हवा होता. ओव्हन आमच्याकडे नाही. कुकरमध्ये मी करते केक, पण त्यात पोरांना काम किती, पीठ ढवळलं की संपलं, पुढे पाऊण तास "झाला का, झाला का" ऐकायचं आणि त्यांना गॅसपासून हाकलत बसायचं.

बेबिंकाचा, म्हणजे गोव्याच्या त्या थरांच्या गोडाचा, तर विषयच नको. एकेक थर वरून आच देऊन भाजायचा, तो भाजला की त्यावर पुढचा ओतायचा, निदान सात थर, एवढा धीर सहा वर्षांच्या पोराकडे कुठून येणार, माझ्याकडेही नाही. दोदोल म्हणजे माडाचा गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि खांदा निखळेपर्यंत ढवळणं. नाताळच्या सगळ्या पसाऱ्यात पोरांना राखून ठेवलेलं काम एकच, कुलकुलांचं. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि वळायची, तळणार मोठी माणसं. आंटी सांगतात की त्यांच्या घरी लहानपणी सगळी भावंडं जमिनीवर गोल करून बसायची आणि कुणाची कुलकुलं वाकडी यावरून मारामाऱ्या व्हायच्या. माझ्या माहेरी बेळगावला करंजीचं कातण फिरवायला आम्ही तशाच भांडायचो. आता आंटीसुद्धा निम्मं ऑर्डर देऊन आणतात, मी चकल्या विकत आणते, कुणी कुणाला नावं ठेवायची गरज नाही, गुडघे दुखतात, नोकऱ्या आहेत. पण त्यात पोरांचं काम गेलं. ताट तेवढंच भरलेलं असतं, फक्त त्यात त्यांच्या हातचं काही नसतं, आणि माझी थोरली नेमकी त्यावरच अडून बसली होती.

कॉर्नफ्लेक्सचं सुचवलं नणंदेने. ती मेलबर्नला असते, व्हिडिओ कॉलवर पोरांची रड ऐकली आणि म्हणाली, अगं ओव्हन कशाला पाहिजे, आमच्याकडे भर उन्हाळ्यात ख्रिसमस येतो, इथे कोण ओव्हन लावून घर तापवतंय. तिकडची पोरं चॉकलेट क्रॅकल्स नावाचं करतात, तांदळाचे कुरकुरीत दाणे, कोको, पिठीसाखर, सुकं खोबरं, आणि हे सगळं धरून ठेवायला कोफा म्हणून खोबरेल तेलापासून केलेला घट्ट वनस्पती तुपासारखा प्रकार. ती रेसिपी तिकडच्या 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' मासिकात डिसेंबर 1937 मध्ये आली होती म्हणे. मी मग रात्री जरा शोधलं तर अमेरिकेतली ती प्रसिद्ध मार्शमॅलोची वडी, बटर, मार्शमॅलो आणि राइस क्रिस्पीज वाली, ती 1939 ची निघाली, मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात केलॉग्ज कंपनीच्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन या दोघींनी कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला वर्गणी जमवता यावी म्हणून केलेली. म्हणजे ऑस्ट्रेलियावाले दोन वर्षं पुढे, आणि नाव मात्र अमेरिकेचं. नणंदेला हे सांगितलं तर तिला असा आनंद की जणू तिनेच शोध लावला.

कोफा इथे कुठे मिळणार. सासूबाई म्हणाल्या, घरात खोबरेल आहे की, आपल्याच माडांचं. पण साधं खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीला वितळतं, बेळगावच्या थंडीत माझी बाटली गोठायची आणि आई ती उन्हात ठेवायची, म्हापशात डिसेंबरच्या दुपारीसुद्धा तीस-बत्तीसला पारा, इथे त्या वड्या फ्रिजमधून काढल्या की पाझरायलाच लागणार. म्हणून मी कंपाउंड चॉकलेट आणलं, बेकरी सामानाच्या दुकानातून. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटर चौतिसाच्या आसपास वितळतं आणि त्याला नीट चकाकी यायला तापवण्या-थंड करण्याचं वेगळं तंत्र लागतं, कंपाउंडमध्ये दुसरं वनस्पती फॅट असतं, ते नुसतं वितळवा, ओता, आपोआप जमतं. चव खऱ्या चॉकलेटची नाही, उगाच खोटं कशाला बोला. पण पोरांच्या कामाला तेच बरं.

मार्शमॅलोचं पाकीट पण आणलं, कारण थोरलीने कुठेतरी फोटोत त्या हिरव्या माळा बघितल्या होत्या, कॉर्नफ्लेक्सच्या, दारावर लावतात तशा गोल, वर लाल गोळ्या. आणि इथे घरात चर्चासत्र झालं. पाकिटावर चौकोनात तपकिरी त्रिकोण. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला, "हें कितें गो?" मी सांगितलं, जिलेटिन असतं यात, जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. आता आमचं घर काय माळकऱ्याचं नाही, आजच दुपारी बांगड्याचं हुमण झालं. पण सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि उद्या सोमवार. तेव्हा सासूबाईंचा निकाल असा की करा काय करायचं ते, पण वेगळ्या डब्यात, आणि देवाच्या कपाटाच्या बाजूला तो डबा नको. थोरलीने लगेच दोन कागद कापून डब्यांवर चिकटवले, एकावर "सोमवारी चालेल" आणि एकावर "सोमवारी चालणार नाही". बिनजिलेटिनच्या मार्शमॅलो पण मिळतात, पण त्या सगळ्याच अशा एकजीव वितळत नाहीत, म्हणून मी त्या भानगडीत पडले नाही.

मग आंटींची नात पण आली, आणि तिघं मिळून सुरू.

चॉकलेटचं प्रमाण मी लिहून ठेवते. 200 ग्रॅम कंपाउंड, एक चमचा बटर, कॉर्नफ्लेक्स साधारण तीन कप, थोडे काजूचे तुकडे, थोडं सुकं खोबरं. पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद, त्यावर स्टीलचं कोरडं भांडं, त्यात चॉकलेटचे तुकडे. कोरडं म्हणजे खडखडीत कोरडं, पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट आवळून त्याचा रवाळ गोळा होतो, म्हणून पोरांचे हात धुऊन झाल्यावर पुसले का हे मी तीनतीनदा बघत होते. वितळलं की भांडं खाली जमिनीवर घेतलं, चटईवर, आणि इथून पुढे मी हात लावला नाही. हे महत्त्वाचं. वितळलेलं चॉकलेट कोमट असतं, बोट बुडवलं तरी कुणी ओरडत नाही.

सासूबाई कडेला खुर्ची घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या हे तर आमच्या जत्रेतले चिरमुल्यांचे लाडूच झाले. बरोबरच आहे. नाताळ झाला की बोडगेश्वराची जत्रा येते, तिथे खाज्यांच्या ढिगाशेजारी चिरमुल्यांचे लाडू असतातच, धान्य फुलवायचं आणि गोड चिकट कशाने तरी बांधायचं, कल्पना तीच. फरक पाकाचा. गुळाचा पाक गोळीबंद होईपर्यंत तो उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो, अंगाला चिकटला तर सुटत नाही, आणि लाडू तर तो गरम असतानाच वळावे लागतात नाहीतर घमेल्यात दगड. सासूबाईंचे तळवे त्या सवयीचे आहेत, त्या हात पाण्यात बुडवून भराभर वळतात, पण त्या कामाला पोरांना कुणी जवळ येऊ देत नाही आणि देऊ पण नये. म्हणून मी अर्धा घाणा कुरमुऱ्यांचा केला, कढईत कोरडे भाजून कुरकुरीत करून चॉकलेटमध्ये, सासूबाईंचा मान राखला आणि खर्च पण वाचला. खरं सांगू का, तेच जास्त चांगले झाले. कॉर्नफ्लेक्स धारदार लागतात टाळूला, कुरमुरे हलके.

कॉर्नफ्लेक्स चुरायचे का अख्खे ठेवायचे यावरून मोठं भांडण झालं. धाकट्याला फक्त चुरण्यात रस, पिशवीत भरून त्यावर बसायचं असा त्याचा प्लॅन. थोरली म्हणे अख्खे, फोटोत अख्खे आहेत. आंटींची नात शहाणी, ती म्हणाली अर्धे अर्धे, आणि योगायोगाने तेच योग्य, थोडा चुरा असला की फटी भरतात आणि वडी सुटत नाही. कागदी कपात चमच्याने भरायचं काम थोरलीचं, वर जेम्सच्या गोळ्या लावायचं धाकट्याचं. त्याने लाल-हिरव्या सोडून सगळ्या खाल्ल्या, कारण नाताळचे रंग तेवढेच, बाकीच्यांचं काय करायचं आई, असा बिनतोड सवाल. बोटं चाटायची ती सगळं भरून झाल्यावर, हा नियम मी केला होता, तो किती पाळला गेला ते मी बघितलं नाही मुद्दाम.

हिरव्या माळांना मात्र घाई लागते. मूळ अमेरिकन वडीचं प्रमाण तीन मोठे चमचे बटर, 280 ग्रॅमच्या आसपास मार्शमॅलो आणि सहा कप राइस क्रिस्पीज असं आहे, आम्ही त्याच्या निम्मं घेतलं आणि कॉर्नफ्लेक्स जरा जास्त. मंद गॅसवर बटरमध्ये मार्शमॅलो वितळवायच्या, हे मीच केलं, तो प्रकार गरम आणि चिकट असतो. त्यात हिरव्या रंगाचे थेंब, कॉर्नफ्लेक्स, ढवळलं, जरा निवू दिलं, आणि मग पोरांच्या हातांना भरपूर तूप चोळून दिलं एकेक गोळा बटर पेपरवर. तूप नसेल तर माळ हाताचीच होते. दोनचार मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं त्यामुळे तिघांची नुसती पळापळ. धाकट्याची माळ गोल झालीच नाही, तो म्हणाला ही गोव्याचा नकाशा आहे, आणि हा म्हापसा म्हणून वरच्या बाजूला त्याने एक लाल चेरी दाबली. त्याच्या बहिणीने विचारलं मग पणजी कुठाय, तर म्हणे पणजी खाल्ली.

आता राहिला आपला कायमचा वैरी, दमट हवा. उघड्यावर ठेवलं तर रात्रीत सादळणार. फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलं की वर घाम धरतो आणि तेच पाणी कॉर्नफ्लेक्स पितात. म्हणून जमले की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर डब्याला खोलीची ऊब लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मार्शमॅलोचे तर फ्रिजमध्ये कडक होतात, ते बाहेरच, एकदोन दिवसांत संपवायचे.

दरवर्षी नाताळला आंटींकडून ताट येतं, वर क्रोशाचा रुमाल, आत नेवऱ्या, कुलकुलं, दोस म्हणजे चणाडाळीच्या वड्या, दोदोलचा तुकडा. चवथीला-दिवाळीला आमचं ताट जातं. रिकामं ताट परत द्यायचं नाही म्हणून मी आजवर नाताळच्या त्या ताटात मूठभर साखर नाहीतर चार केळी ठेवून देत आले. या वर्षी त्यात काय जाणार यावर थोरलीने आत्ताच हक्क सांगितलाय, कुरमुऱ्यांचे बारा बाजूला काढून डब्यावर "हात लावू नये" लिहिलंय. आंटींचा संध्याकाळी फोन आला होता, नातीने घरी नेलेलं खाल्लं वाटतं, विचारत होत्या की बाय, हे किती वेळ भाजायचं. मी म्हटलं भाजायचं नाहीच. त्या गप्पच झाल्या जरा वेळ, मग म्हणाल्या, मग पुढच्या रविवारी माझ्याकडे करा, माझा ओटा मोठा आहे, आणि त्या निमित्ताने पोरींना कुलकुलं पण वळायला बसवते.

धाकटा झोपताना म्हणत होता की चवथीला कॉर्नफ्लेक्सचे मोदक करू. सासूबाईंनी आतून आवाज दिला, "चवथीक ना हां, पुता." मग साडेनऊला त्याच उठून स्वयंपाकघरात आल्या, उद्या सोमवार म्हणून हिरव्या माळेतल्या दोन खाऊन गेल्या, गोव्याचा नकाशासुद्धा त्यातच गेला. उरलेल्या तीन नवऱ्याच्या उद्याच्या डब्यात, त्याच्या ऑफिसात सोमवार कुणी पाळत नाही.