रक्तातच आहे म्हणे!

"आपल्या लोकांच्या रक्तातच आहे, दांडकं घेऊन उभा राहणारा कुणीतरी लागतोच." टपरीवर एका काकांकडून ऐकलेलं हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

रक्तात? मग जर्मनी बघा. भाषा एक, पणजोबा एकाच मातीतले. १९४९ मध्ये दोन देश झाले, पूर्वेकडे सगळं सरकारच्या हाती असलेली साम्यवादी राजवट; १९९० मध्ये पुन्हा एक. अलेसिना आणि फुक्स-शुंडेल्न या अर्थतज्ज्ञांनी १९९७ आणि २००२ ची सर्वेक्षणं तपासली. आजारपण, बेकारी, म्हातारपण सरकारनंच सांभाळावं म्हणणारे पूर्वेकडे जास्त, त्यातही वयस्कर मंडळी पुढे. (पूर्वेकडची गरिबी हिशेबात धरूनही फरक उरतोच.)

हा फरक पुसायला त्यांच्या अंदाजानं २० ते ४० वर्षं. एक-दोन पिढ्या! म्हणजे रक्त नव्हे, वाढताना लागलेली सवय.

टपरीवरच्या काकांना लहानपणी घरात उलट प्रश्न विचारता येत असेल का?