बाबांची वही आणि बिनड्रायव्हरची गाडी

बाबा 2009 च्या जूनमध्ये पहिल्यांदा व्हँकुव्हरला आले. आम्ही तेव्हा शेजारच्या बर्नाबीत, स्कायट्रेन या इथल्या बिनड्रायव्हरच्या मेट्रोच्या एडमंड्स स्टेशनच्या अगदी जवळ राहायचो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटे चारलाच जाग आली आणि ते खुर्ची घेऊन गॅलरीत जाऊन बसले. मी सहाला चहा घेऊन गेले तर मांडीवर वही उघडी. म्हणाले, "अगं, आतापर्यंत अकरा गाड्या गेल्या. एकीच्याही तोंडाशी माणूस नाही."

बाबा मध्य रेल्वेत सिग्नल खात्यात मेंटेनर होते. छत्तीस वर्षं नोकरी, निम्मी रात्रपाळीत, पावसाळ्यात तर घरी असून नसल्यासारखे. गाडी म्हटली की लोक इंजिन बघतात, डबे बघतात. बाबा रुळांच्या कडेला बघतात. त्या दिवशी दुपारी मी त्यांना एडमंड्सहून वॉटरफ्रंटपर्यंत नेलं. ड्रायव्हरची केबिन नसल्यामुळे स्कायट्रेनमध्ये अगदी पुढच्या काचेपाशी प्रवाशांना बसता येतं. ती जागा मिळाली. तीन स्टेशनं गेली तरी बाबा गप्प. मग म्हणाले, "सिग्नल कुठायत?"

सहा वर्षं मी त्या गाडीने रोज जात-येत होते. सिग्नल नाहीत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

परत येताना त्यांनीच उत्तर शोधलं. रुळांच्या मधून एक केबल जाते आणि ठरावीक अंतरावर तिच्या दोन तारा एकमेकींना ओलांडतात. हे अंतर 25 मीटरचं असतं, असं मी नंतर वाचलं. गाडी त्या फुल्या मोजत जाते, म्हणून ती कुठे आहे ते तिला कळतं आणि त्याच केबलवरून नियंत्रण कक्षातल्या संगणकालाही कळतं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत रुळांचे ठरलेले तुकडे असतात, म्हणजे ब्लॉक. एका ब्लॉकमध्ये गाडी असली की मागचीला तिथे शिरायला बंदी, मग पुढची गाडी त्या ब्लॉकच्या अगदी टोकाला पोचलेली का असेना. इथे ब्लॉक गाडीबरोबर सरकतो. मागच्या गाडीला सतत निरोप जात असतो, की तू इथपर्यंत ये, एवढ्या वेगाने ये. त्यामुळे दोन गाड्या एकमेकींच्या पुष्कळ जवळ चालवता येतात. बाबांनी हे मला डाळीचे दाणे टेबलावर मांडून समजावलं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याने त्यातल्या दोन गाड्या खाऊन टाकल्या.

रुळांच्या मध्ये धातूची एक सपाट पट्टीही दिसते. तिचा उलगडा व्हायला मात्र दोन-तीन दिवस लागले. या गाडीची मोटर फिरत नाही. नेहमीची गोल मोटर कापून उलगडली आणि सपाट केली तर तिचा अर्धा भाग गाडीच्या पोटाखाली बसवता येईल आणि उरलेला अर्धा म्हणजे रुळांमधली ती पट्टी. चुंबकीय ओढीने गाडी पुढे जाते, चाकं नुसती गडगडतात. त्यामुळे रूळ ओला असला तरी चाक जागच्या जागी फिरत नाही आणि चढही तीव्र चालतो. व्हँकुव्हरला वर्षातले किती महिने पाऊस असतो ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

बाबांना सगळ्यात आवडलं ते मात्र जुनंच काम. शहराच्या मध्यभागातल्या बरार्ड आणि ग्रॅनव्हिल या दोन स्टेशनांवर दोन दिशांचे फलाट शेजारी-शेजारी नाहीत, एकावर एक आहेत. कारण तो बोगदा मुळात स्कायट्रेनचा नाहीच, 1930 च्या दशकात कॅनेडियन पॅसिफिकने आपल्या रेल्वेगाड्यांसाठी खणलेला. उंचीला भरपूर, रुंदीला बेताचा. नवा खणण्यापेक्षा त्यातच दोन मजले केले. न्यू वेस्टमिन्स्टरकडे जाणारा मार्गही असाच वारशाने मिळालेला आहे. 1891 पासून त्या बाजूने व्हँकुव्हर ते न्यू वेस्टमिन्स्टर विजेची ट्राम धावायची, तिचीच बरीचशी वाट स्कायट्रेनने घेतली. म्हणून खालचे रस्ते चौकटीत आणि गाडी तिरपी जाते. "रूळ एकदा पडले की शंभर वर्षं हटत नाहीत," असं बाबा वहीत लिहिता लिहिता म्हणाले होते.

एक्स्पो 86 या जागतिक प्रदर्शनासाठी ही गाडी आणली. डिसेंबर 1985 मध्ये लोकांना फुकट बसवून दाखवली आणि जानेवारी 1986 पासून रोजची सेवा सुरू झाली. वॉटरफ्रंट ते न्यू वेस्टमिन्स्टर, पंधरा स्टेशनं. मग 1990 मध्ये फ्रेझर नदीवर फक्त या गाडीसाठी तारांनी तोललेला पूल बांधून ती पलीकडच्या सरे शहरात उतरली आणि 1994 मध्ये किंग जॉर्जपर्यंत पोचली.

ड्रायव्हर नाही म्हणजे पगार वाचवला, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. बाबांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते पटलं. गाडीमागे एक ड्रायव्हर लागला की माणूस विचार करतो, लांबलचक गाडी सोडा आणि कमी वेळा सोडा. ड्रायव्हर लागत नसला तर छोटी गाडी दर दोन-तीन मिनिटांनी सोडता येते, सकाळीही आणि रविवारी दुपारीही बऱ्यापैकी. सामना सुटला आणि गर्दी उसळली तर जादा गाड्या काढायला कुणाला घरून बोलवायला नको. मी गेल्या कित्येक वर्षांत स्कायट्रेनचं वेळापत्रक पाहिलेलं नाही. फलाटावर जायचं, गाडी येते. बाळाला कडेवर घेऊन कामावर जाणाऱ्या बाईला याची किंमत विचारा.

आणि माणसं काही नाहीशी झालेली नाहीत. नियंत्रण कक्ष आमच्या एडमंड्सच्याच जवळ होता. तिथे अहोरात्र माणसं बसतात, स्टेशनांवर कर्मचारी फिरत असतात. फलाटाशी रुळांवर काही पडलं तर ते यंत्रणेला कळतं आणि गाड्या थांबतात. बर्फ पडला की हीच यंत्रणा बर्फाला वस्तू समजते, म्हणून अशा दिवसांत गाडीत माणूस चढतो, पुढच्या काचेखालचं झाकण उघडतो आणि समोर नजर ठेवून बसतो. एका जानेवारीत मी अशा एका बाईशेजारी उभी होते. बाहेर सगळं पांढरं. तिने पूर्ण प्रवासात एकदाही समोरची नजर हलवली नाही.

17 ऑगस्ट 2009 ला कॅनडा लाइन हा स्कायट्रेनचा नवा मार्ग सुरू झाला. व्हँकुव्हरच्या 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी विमानतळ आणि रिचमंड शहराच्या मध्यभागाशी जोडायचे होते. त्या दिवशी तिकीट नव्हतं आणि रांग रस्त्यावर वळणं घेत गेली होती. बाबा दीड तास उभे राहिले, एका शब्दाने कुरकुरले नाहीत. पण गाडीतून उतरल्यावर फलाट पावलांनी मोजायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. एक्स्पो लाइनचे, म्हणजे आमच्या एडमंड्सच्या जुन्या मार्गाचे, फलाट 80 मीटरचे, इथे जास्तीत जास्त 50 आणि काही त्याहूनही लहान. गाडी दोनच डब्यांची, मोटर नेहमीची फिरणारी, त्यामुळे ती गाडी या रुळांवर येणार नाही आणि ही तिकडे जाणार नाही. बाबांनी मुंबईत नऊ डब्यांच्या लोकल बारा डब्यांच्या होताना पाहिल्या होत्या. चालत्या लाइनवर फलाट लांबवणं म्हणजे काय, किती रात्री जातात, ते त्यांना माहीत होतं. इथे तर निम्मी स्टेशनं जमिनीखाली. "गाडी कधीही बदलता येते गं," ते म्हणाले, "फलाट आज लांब करायचा असतो." संध्याकाळी त्या लाइनवर चेंगरून उभी असते तेव्हा मला हेच आठवतं. अजूनही वाईट वाटतं.

आम्ही 2011 मध्ये पोर्ट मूडीला घर घेतलं ते नकाशावरच्या तुटक रेषेच्या, म्हणजे होऊ घातलेल्या मार्गाच्या भरवशावर. मिलेनियम लाइन हा स्कायट्रेनचा दुसरा मार्ग 2002 मध्ये आला होता, ती लाइन लॉहीड स्टेशनपाशी यायची. तिथून पुढे 97 नंबरची बस. बसच्या खिडकीतून मी पाच वर्षं खांब उभे राहताना बघितले. आधी सळ्या, मग काँक्रीट, मग दोन खांबांच्या मध्ये तुळई. 2 डिसेंबर 2016 ला सहा नवी स्टेशनं उघडली. बरक्विटलम आणि मूडी सेंटर यांच्या मध्ये दोन किलोमीटरचा बोगदा आहे, आणि त्यातून बाहेर आलं की एकदम खाडीकडचा मोकळा उजेड. पहिल्या सकाळी आमच्या डब्यात टाळ्या वाजल्या. बाबा 2017 मध्ये पुन्हा आले तेव्हा लॉहीडच्या सांध्यांपाशीच अर्धा दिवस रमले, कुठली गाडी कुठल्या रुळावर वळते ते लिहून घेत.

स्टेशन आलं की मागोमाग मनोरे येतात. मेट्रोटाऊन, ब्रेंटवुड, लॉहीड, सगळीकडे तेच. त्याला माझा विरोध नाही, लोक गाडीजवळ राहावेत म्हणूनच तर गाडी. पण मेट्रोटाऊनभोवतीच्या जुन्या तीन मजली भाड्याच्या इमारती पाडल्या गेल्या तेव्हा माझी एक मैत्रीण तिथून उठली ती दोन बस बदलाव्या लागतात अशा जागी गेली. ती चौदा वर्षं स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर राहत होती. गाडीची सगळ्यात जास्त गरज ज्यांना, त्यांनाच गाडी आल्यावर लांब जावं लागावं, हे मला कुठल्याच हिशेबात बरोबर वाटत नाही.

बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, कल्याणला. प्रवास बंद. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. 20 डिसेंबर 2024 ला रिचमंडमध्ये कॅपस्टन स्टेशन उघडलं, कॅनडा लाइनवर मधेच घातलेलं. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, "चालू लाइनवर घातलं? गाड्या बंद न करता?" मी मुद्दाम जाऊन फलाटाचे व्हिडिओ काढून पाठवले. 2025 च्या उन्हाळ्यात पाच डब्यांच्या नव्या गाड्या धावायला लागल्या तेव्हाही पाठवले. सरेतून लँग्लीकडे 16 किलोमीटरवर आठ स्टेशनांचं काम चाललंय, त्याची 2029 ही तारीख त्यांनी पाठ केली आहे.

माझं सगळं लक्ष मात्र ब्रॉडवे या रस्त्याखालच्या नव्या बोगद्याकडे आहे, मिलेनियम लाइन त्यातून पुढे जाणार आहे. मी ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे जायला मला कमर्शियल-ब्रॉडवेला उतरून 99 नंबरची बस धरावी लागते, आणि त्या बसची रांग काय असते ते ब्रॉडवेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. 5.7 किलोमीटर, सहा स्टेशनं, सगळी जमिनीखाली. 2027 मध्ये ती लाइन उघडली की घरापासून प्रयोगशाळेपर्यंत मी एकदाही गाडी बदलणार नाही.

जाताना बाबा वही माझ्याकडे ठेवून गेले होते. एडमंड्सच्या गॅलरीतल्या अकरा गाड्या पहिल्या पानावर आहेत, मिनिटांसकट. मागच्या रविवारी ते म्हणाले, "पहिल्या दिवशी पुढच्या काचेपाशी बस. प्रत्येक स्टेशनावर किती सेकंद थांबते ते लिही. घाईत अंदाजे लिहू नकोस." मी नवं पान काढून रेघा मारल्या आणि डाव्या बाजूला नावं लिहिली: ग्रेट नॉर्दर्न वे-एमिली कार, माउंट प्लेझंट, ब्रॉडवे-सिटी हॉल, ओक-व्हीजीएच, साउथ ग्रॅनव्हिल, आर्ब्युटस. फोटो काढून त्यांना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: दारं उघडण्याचा आणि बंद होण्याचा रकाना वेगवेगळा कर.