यान निघून गेल्यावर

परवा दुपारी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि घरात जरा आवाज हवा म्हणून जुनं स्टार ट्रेक, ती अंतराळयानाची अमेरिकन मालिका, लावून ठेवलं होतं. 1967 सालचा तो भाग, 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडन'. दोन ग्रहांचं पाचशे वर्षं युद्ध चाललंय, पण कॉम्प्युटरवर. बॉम्ब-बिंब काही पडत नाही, कॉम्प्युटर हिशोब करून सांगतो की आजच्या हल्ल्यात अमुक इतके मेले, आणि ज्यांची नावं यादीत आली ते लोक गपगुमान चोवीस तासांच्या आत एका मशीनमध्ये जाऊन उभे राहतात आणि नाहीसे होतात. इमारतीला ओरखडासुद्धा नाही. यानाचा कॅप्टन कर्क अर्थातच कॉम्प्युटर उडवून देतो, की आता लढायचंच असेल तर खरं लढा नाहीतर बोलणी करा, आणि फॉक्स नावाचा एक राजदूत, ज्याने भागभर नुसती कटकट केलेली असते, त्याला मध्यस्थीसाठी तिथे सोडून यान चालू लागतं. म्युझिक, नावं, संपलं.

मी हातात एकच मोजा धरून विचार करत बसले की पुढच्या सोमवारी त्या ग्रहावर काय झालं असेल?

हे माझं जुनं खूळ आहे. लहानपणी दादाबरोबर बघायचे, दादाला यानं आणि फेझर बंदुका आणि कुठल्या इंजिनाचा वेग किती यात रस, आणि मी शेवटी हमखास विचारणार, दादा, आता त्या लोकांचं काय? राजा कोण होणार? त्यावर तो वैतागून म्हणायचा, अगं पुढच्या वेळी दुसरा ग्रह असतो. जणू हे उत्तरच आहे. बरं, तसं बघितलं तर तेच उत्तर होतं, कारण या मालिका नंतर वेगवेगळ्या चॅनेलना विकल्या जायच्या आणि कुठलाही भाग कधीही लागला तरी चालला पाहिजे, म्हणजे शेवटी सगळं होतं तिथे परत. जुन्या स्टार ट्रेकचे 79 भाग झाले आणि त्यात कर्कने किती सरकारं उलथवली असतील! 'रिटर्न ऑफ द आर्कॉन्स'मध्ये तर अख्ख्या समाजाला मेंढरासारखं चालवणारा कॉम्प्युटर बंद पाडतात, आणि मागे कोण राहतं तर लिंडस्ट्रॉम नावाचा एक समाजशास्त्रज्ञ आणि त्याच्याबरोबर थोडे तज्ज्ञ. तो बिचारा खूश असतो, म्हणतो आत्तापर्यंत मस्त मारामाऱ्या झाल्या. कर्क म्हणतो वा वा.

या मालिकांमधलं राजकारण म्हटलं की सगळे धाडसाबद्दल बोलतात आणि ते खरंच आहे. रॉड सर्लिंग या अमेरिकन लेखकाने 1956 साली एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनावरून टीव्हीसाठी नाटक लिहिलं तर स्पॉन्सरनी त्याची पार वाट लावली, म्हणून पुढे तो ट्वायलाइट झोन या आपल्या मालिकेत परग्रहवासीयांकडे वळला, माणसाच्या तोंडून जे चालत नाही ते मंगळावरच्याच्या तोंडून चालून जातं. 'मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' आठवतो? 1960 चा. वीज जाते, शेजारी एकमेकांवर संशय घ्यायला लागतात, गोळी चालते, आणि टेकडीवर बसलेले दोघं परग्रहवासी म्हणतात चला, आता पुढची गल्ली. म्हणजे बघा, तिथे दुष्ट लोकसुद्धा निघून जातात. मेपल स्ट्रीटवर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्यांनी एकमेकांना तोंड कसं दाखवलं हे कोणीच सांगत नाही.

स्टार ट्रेकमध्ये एक अर्धा काळा-अर्धा गोरा चेहरा असलेल्या दोघांचा भाग आहे, 1969 चा, एकाची उजवी बाजू काळी तर दुसऱ्याची डावी, तेवढ्यावरून हजारो वर्षांचं वैर. तो फार बटबटीत आहे असं सगळे म्हणतात, मला आवडतो, कारण शेवटी कळतं की त्यांच्या ग्रहावर कोणी उरलेलंच नाही. माझा प्रश्नच मिटला.

पण 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' बघितला की मिटत नाही. फेब्रुवारी 1968, व्हिएतनाम युद्धात उत्तरेचा मोठा हल्ला, टेट आक्रमण, नुकतंच सुरू झालेलं. कर्कचे शत्रू क्लिंगॉन एका ग्रहावर गावातल्यांना बंदुका देतायत म्हणून कर्क डोंगरातल्यांना तेवढ्याच बंदुका द्यायच्या ठरवतो, तोल राहावा म्हणून, आणि यानाचा इंजिनियर स्कॉटी, त्याला ऑर्डर देताना त्याचा स्वतःचा चेहरा उतरलेला असतो. तेवढं मान्य करावं लागेल. पण मग यान निघतं ते निघतंच.

ब्रिटिश लोक याबाबतीत जास्त प्रामाणिक वाटतात मला. त्यांच्या डॉक्टर हू मालिकेतला काळातून फिरणारा डॉक्टर तर पळून जाण्यात सगळ्यांचा बाप, तरी मधूनमधून ते त्याला परत आणून उभं करतात. 1966 च्या 'द आर्क'मध्ये तो माणसांच्या एका अंतराळजहाजावरून जातो आणि त्याच जहाजावर सातशे वर्षांनी उतरतो, तर माणसांचा जो भव्य पुतळा उभारायचं काम चाललेलं असतं तो पूर्ण झालेला आहे पण त्याला डोकं मोनॉइडचं आहे, म्हणजे नोकरांचं. एका पुतळ्यात सगळा इतिहास. 1977 च्या 'फेस ऑफ ईव्हिल'मध्ये त्याने पूर्वी कधीतरी घाईघाईत दुरुस्त केलेला कॉम्प्युटर वेडा होऊन देव झालाय आणि डोंगरात डॉक्टरचाच चेहरा कोरलाय. आणि 2005 मधला तो सॅटेलाइट फाइव्ह! सगळ्या माणसांना बातम्या पुरवून मुठीत ठेवणारं ते स्टेशन तो बंद पाडतो, आता तुमचं तुम्ही बघा म्हणतो, आणि शंभर वर्षांनी परत येतो तर तिथे जीवघेणे गेम शो चाललेत. बातम्या थांबल्या आणि सगळा कारभार ठप्प झाला, हे सगळं तुझ्यामुळे, असं त्याला ऐकावं लागतं. त्याचा तेव्हाचा चेहरा मी परतपरत बघते. जरा दुष्टपणाच आहे.

स्टार ट्रेकचीच नंतरची मालिका, डीप स्पेस नाइन, मला म्हणूनच सगळ्यात जवळची. ते यान नाही, अंतराळातलं स्टेशन आहे, जाणार कुठे? भांडलात त्याच्याचशी सकाळी परत गाठ. 1996 च्या 'बार असोसिएशन'मध्ये बारमध्ये राबणाऱ्या रॉमचा कान सुजतो आणि डॉक्टर विचारतो आधी का नाही आलास, तर क्वार्कच्या बारमध्ये आजारपणाची रजाच नसते. सख्ख्या भावाचा बार बरं का. यातून थेट युनियन आणि संप, आणि रॉम कम्युनिस्ट जाहीरनाम्यातली जगातल्या कामगारांनो एक व्हा ही ओळ वाचून दाखवतो, एक फेरेंगी, म्हणजे नफ्यापलीकडे काही न बघणाऱ्या जमातीतला! शेवट पण कसला, मागण्या गुपचूप मान्य, युनियन मात्र बरखास्त, आणि रॉम नोकरी सोडून स्टेशनच्या दुरुस्ती खात्यात लागतो. आणि पुढच्या भागांमध्येही तो तिथेच असतो! पाने-पक्कड घेऊन. 1999 मध्ये तर तो फेरेंगींचा ग्रँड नेगस होतो, म्हणजे सगळा कारभार त्याच्याकडे, कान सुजला तिथून. इतकं समाधान मला मोठमोठ्या भाषणांच्या भागांनी दिलेलं नाही. भाषणं मला तशी झेपतही नाहीत, नेक्स्ट जनरेशन या स्टार ट्रेक मालिकेतला कॅप्टन पिकार्ड बोलायला उठला की मी पाणी प्यायला उठते.

बॅटलस्टार गॅलॅक्टिका या मालिकेने तर नंतरचंच घेऊन टाकलं. 2006 मध्ये माणसांच्या वस्तीवर सायलॉन नावाच्या यंत्रमाणसांचा ताबा, बंडखोर, आत्मघाती बॉम्ब (इराक तेव्हा रोज बातम्यांत होतं, कुणाला सांगायला नको), आणि सुटका झाल्यावर लगेच 'कोलॅबोरेटर्स'. ज्यांनी सायलॉनांबरोबर काम केलं त्यांना गुपचूप खटला चालवून एअरलॉकमधून, म्हणजे यानाच्या दारातून, बाहेर अंतराळात फेकतायत. गेटा नावाच्या अधिकाऱ्याची पाळी येते आणि शेवटच्या क्षणी कळतं की बंडखोरांना माहिती पुरवणारा तोच होता, कुत्र्याच्या भांड्याची खूण करून. मग राष्ट्राध्यक्ष रॉसलिन सगळ्यांना माफी जाहीर करते. सगळ्यांना, मारणाऱ्यांनासुद्धा. आणि गेटा ज्यांनी त्याला फेकायला नेलं होतं त्यांच्याच शेजारी बसून ड्युटी करायला लागतो. 2009 मध्ये तो बंड करतो आणि गोळ्या घालून मारला जातो. मधे बरंच काही होतं, पाय जातो त्याचा, सगळं त्या एअरलॉकवर ढकलता येणार नाही, पण मला ते विसरता येत नाही.

आणि मग 'द ड्रमहेड' मधला सायमन टार्सीस. पिकार्डचीच मालिका, नेक्स्ट जनरेशन, 1991. साधा मेडिकल टेक्निशियन, आजोबा रोम्युलन, म्हणजे शत्रूच्या जमातीतले, होते हे त्याने फॉर्मवर लपवलं, व्हल्कन लिहिलं, म्हणजे मित्रांच्या जमातीतले. यानावर हेर शोधायला चाललेल्या चौकशीत, सगळ्यांसमोर ते बाहेर काढतात. पुढे पिकार्डचं ते प्रसिद्ध भाषण, चौकशी चालवणाऱ्या अॅडमिरल सेटीचा तोल जातो, चौकशी बंद, सगळे सुटल्यासारखं वाटतं. पण फॉर्म तर खोटा होताच ना. त्या मालिकेत तो पोरगा परत दिसत नाही. निदान नोकरी राहिली का तेवढं तरी कुणीतरी जाता जाता बोलायचं होतं, एखाद्या भागात, लिफ्टमध्ये वगैरे.