आमची वाटचाल : नळीतल्या पावडरीपासून कॉलममधल्या दाण्यांपर्यंत

२००५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांच्या गटाने जाहीर केलेले पहिले सीओएफ (सहसंयुज बंधांनी विणलेल्या सच्छिद्र सेंद्रिय जाळ्या) बोरॉनच्या बंधांचे होते. पाणी लागलं की सुटायचे. २०१२ मध्ये पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून) आलेलं टीपीपीए-१ हे सीओएफ मात्र ९ नॉर्मल, म्हणजे चांगल्याच तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकलं. सांडपाण्यातला रंग शोषणारा माल बनवायचा तर दुसरा पर्याय आमच्यापुढे नव्हता.

टीपीपीए-१ची कृती या धंद्यातल्यांना पाठ असते. ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल ६३ मिग्रॅ, पॅरा-फेनिलीनडायअमाइन ४८ मिग्रॅ, मेसिटिलीन आणि डायऑक्झेन प्रत्येकी दीड मिली, ३ मोलर असेटिक आम्ल अर्धा मिली. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून हवा उपसण्याची फेरी तीनदा, मग नळी सील करून १२० अंशांवर तीन दिवस. आम्लामुळे या दोन घटकांना जोडणारा इमाइन बंध (कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध) तुटत-जुळत राहतो आणि चुकीची जोडणी दुरुस्त होते. पुढे बंधांची फेरमांडणी होऊन न उलटणारं कीटो रूप आलं की दुरुस्ती बंद. टिकाऊपणा तिथूनच येतो, आणि स्फटिक लहान राहतात तेही त्यामुळेच.

आमची कंपनी बुडता बुडता राहिली ती यातल्या डायअमाइनपायी. पुरवठादाराने करडा-तपकिरी माल पाठवला, सोबत ९८ टक्के शुद्धतेचं प्रमाणपत्र. पावडरीचा रंग ठीक, बंध ओळखणाऱ्या आयआर (अवरक्त) चाचणीत १५७८ची अपेक्षित पट्टीही जागेवर. स्फटिकाची शिस्त दाखवणाऱ्या एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) मात्र ४.७ अंशांच्या टोकदार शिखराऐवजी पसरट उंचवटा. ऑक्सिडाइझ झालेला अंश अमाइनचं प्रमाण बिघडवतो, साखळ्या अर्धवट तुटतात आणि जाळीत मोकळी टोकं उरतात. माल परत आला, पुरवठादाराने कानावर हात ठेवले, भरपाई आजतागायत नाही. डायअमाइन पांढरं नसेल तर निर्वातात संप्लवन (घनाची थेट वाफ करून पुन्हा घन करणं) केल्याशिवाय वापरू नका, आणि नायट्रोजनखाली गडद बाटलीत ठेवा. कागदावर विश्वास ठेवू नका.

त्याच सुमाराला एका स्पर्धकाने अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थात) सीओएफ बांधलेले मणी बाजारात आणले आणि मिथिलीन ब्लू हा धन-भारित रंग शोषण्याचे आकडे आमच्या दुप्पट दाखवले. अल्जिनेट स्वतःच धन-भारित रंग धरतं! सीओएफ न घातलेल्या नुसत्या अल्जिनेट मण्यांची कोरी चाचणी त्यांच्या तक्त्यात कुठेच नव्हती. आमची अर्धीअधिक गिऱ्हाइकं तिकडे गेली.

ॲक्रिलिक सूत रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाणी विभागातल्या मॅडम तेवढ्या थांबल्या. त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्यातला रंग नव्हे, खरं सांडपाणी पाठवलं. त्यात ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) होतं आणि चतुर्थक अमोनियमचा रिटार्डरही (सुतावर रंग सावकाश चढवणारं धन-भारित रसायन). ऋण-भारित सल्फोनेट गट लावलेल्या आमच्या सीओएफवर रिटार्डर रंगाशीच जागेसाठी भांडतो, त्यामुळे क्षमता साफ घसरली. मिठाच्या पाण्यात सोडियम मण्यांना बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा घेतं आणि अल्जिनेटचे मणी फुगून फुटतात, हेही तिथेच दिसलं. मग आम्ही पॉलिइथरसल्फोन या प्लास्टिकच्या द्रावणात पावडर मिसळून पाण्यात थेंब सोडून कॉलममध्ये (पाणी सोडायच्या उभ्या नळीत) भरण्याजोगे दाणे केले. बाइंडर (म्हणजे हे बांधणारं प्लास्टिक) जास्त झाला तर छिद्रं बुजतात, कमी झाला तर दाणा भुगा होतो. त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचं खरं हत्यार सॉक्सलेट, म्हणजे गरम द्रावकाने पावडर पुन्हा पुन्हा धुणारं काचेचं उपकरण. छिद्रांत अडकलेले मोनोमर (न जोडले गेलेले सुटे घटक) टीएचएफ या द्रावकाने निघेपर्यंत धुवा, नाहीतर तेच पुढे गिऱ्हाइकाच्या पाण्यात उतरतात. मग लगेच ओव्हनमध्ये घालायची घाई नको. द्रावक उडताना केशाकर्षणाने छिद्रांच्या भिंती ओढल्या जातात, मोठ्या छिद्रांच्या जाळ्या तर मोडूनच पडतात. आधी छिद्रांतल्या द्रावकाची हेक्सेनने बदली करा. नाजूक जाळ्यांसाठी द्रावकाच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरा आणि तो ३१ अंश आणि ७४ बारच्या वर नेऊन काढा.

वायू पकडण्याच्या कामात आम्ही उशिरा उतरलो. २०२४ चं पॉलिअमाइनवालं सीओएफ-९९९ उघड्या हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतं आणि ६० अंशांच्या आसपास सोडतं. ओलाव्याचं त्याला वावडं नाही. साध्या सीओएफमध्ये मात्र पाण्याची वाफ आधी जागा अडवते. म्हणून विक्रेत्याकडे बीईटीच्या (नायट्रोजन शोषवून मोजलेल्या पृष्ठफळाच्या) आकड्यासोबत तीन गोष्टी मागा: कोणत्या सापेक्ष दाबांमधली रेषा धरली, दमट वायूतलं शोषण किती, आणि मोजणी पावडरीवर केली की दाण्यांवर.