मुरबाडच्या चिखलातला रविवार

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पहाटे पावणेपाच वाजता मुलुंडच्या सर्व्हिस रोडवर, चिखलात आणि कच्च्या वाटांवर गाड्या चालवण्याची हौस असलेल्या आमच्या कंपूच्या पाच गाड्या एकामागे एक लागल्या होत्या आणि सहावीची वाट पाहत आम्ही काकांच्या थर्मासमधला चहा पीत होतो. आमच्यात माणसांना गाड्यांच्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. बँकेतून निवृत्त झालेले जिप्सीवाले काका, जिम्नी चालवणाऱ्या डॉक्टर ताई, गुरखा गाडीचा मालक म्हणून ‘गुरखा’ आणि भांडुपला पिठाची गिरणी चालवणारे मेजर, ज्यांचा सैन्याशी कधीही संबंध आलेला नाही, परंतु दारात महिंद्र मेजर उभी असल्यामुळे वस्तीतली पोरे ज्यांना सलाम ठोकतात. माझ्याकडे महिंद्रची जुनी एमएम ५४० जीप आहे, म्हणून मी नुसता ‘पाच-चाळीस’. सहावा गडी त्या दिवशी पहिल्यांदाच येणार होता. तो पाच वाजून वीस मिनिटांनी पांढरी थार घेऊन आला. उशिराबद्दल त्याला कोणी बोलले नाही, कारण पहिल्या सहलीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

अशी सहल महिन्यातून एकदा होते, पण हा संसार आठवडाभर चालूच असतो. दर बुधवारी रात्री साडेनऊनंतर भांडुप स्टेशनजवळच्या एका टपरीवर आम्ही जमतो आणि तिथे डोंगरदऱ्यांपेक्षा अधिक चर्चा सोसायटीच्या चिटणिसांची होते, कारण चिखलाने माखलेली गाडी धुतल्यावर पार्किंगमध्ये जो राडा होतो तो कोणत्याही चिटणिसाला आवडत नाही. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी होणारी फेरनोंदणी कोणाची जवळ आली आहे, हेही तिथेच कळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत कोणाला काय सापडले याची बातमी तिथेच फुटते. माझ्या पलंगाखाली जिप्सीची क्लच प्लेट गेली तीन वर्षे पडून आहे. माझ्याकडे जिप्सी नाही, परंतु १९८५ साली आलेली ती गाडी बाजारातून गेल्यापासून, चांगला भाग दिसला की ज्याला दिसेल त्याने तो उचलायचा आणि हिशेब मागाहून करायचा, असे आमचे ठरले आहे.

वाटेविषयी थोडक्यात सांगतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे आनंदनगरला थांबावे लागत नाही. पुढे माजिवडा, रांजणोली नाका, कोनगाव, दुर्गाडीचा पूल, कल्याण, शहाड, कांबा, रायते, गोवेली आणि मुरबाड असा रस्ता आहे. मुंबईपासून माळशेज सुमारे १३० किलोमीटर आहे आणि आमचे ठिकाण घाटाच्या बरेच अलीकडे होते. सकाळी सातच्या आत कल्याण ओलांडले नाही तर पुढचा सगळा दिवस तासाभराने मागे पडतो, हे गृहीत धरून निघावे. मुसळधार पावसानंतर उल्हास नदीवरचा रायत्याचा पूल वाहतुकीसाठी बंद करावा लागतो, म्हणून आदल्या रात्री मुरबाडकडच्या कोणाला तरी फोन करून चौकशी करणे बरे. डिझेल मुरबाडलाच भरावे आणि खाणेही तिथेच उरकावे. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात आणि घाटात दरडीही कोसळतात. त्यामुळे ‘आलोच आहोत तर घाटही पाहून येऊ’ हा मोह टाळलेला चांगला.

आम्ही गेलो त्या वाडीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका माळाचे नाव तोंडोतोंडी पसरले, पुढच्या रविवारपासून अनोळखी गाड्यांची रीघ लागली आणि महिन्याभरात मालकाने वाटेवर आडवा चर खणून ती बंद केली. त्याने केले ते योग्यच केले. ज्यांना अशी जागा हवी असेल त्यांनी ती उन्हाळ्यात, सुट्टीचा दिवस टाळून, पायी फिरून शोधावी. जमीन कोणाची आहे हे पोलीस पाटलांकडे विचारावे आणि वनखात्याच्या हद्दीचे दगडी बुरूज दिसले की तिथून मागे फिरावे. आम्ही जातो त्या माळाच्या मालकांना आम्ही मामा म्हणतो आणि त्यांनी आजवर आमच्याकडून पैसे घेतलेले नाहीत. त्याऐवजी पावसात टेम्पो जिथे पोहोचत नाही तिथपर्यंत खताच्या गोण्या आम्ही मुरबाडहून आणून देतो. त्या रविवारी सहा गाड्यांत मिळून अठरा गोण्या होत्या आणि त्यांतल्या चार माझ्या मागच्या बाकांवर आडव्या पडल्या होत्या.

माळाच्या तोंडाशी, डांबर संपते तिथे, आम्ही सर्वांनी चाकांतली हवा ३२ वरून १८ वर आणली. नवख्या माणसाला हे पटत नाही, कारण आयुष्यभर त्याने हवा भरून घेण्यासाठीच पंपावर रांग लावलेली असते. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, त्याचा जमिनीशी लागणारा भाग लांबतो आणि गाडी चिखलात रुतण्याऐवजी चिखलावर तरंगल्यासारखी चालते. मात्र अशा टायरवर वेगाने वळण घेतले तर तो रिममधून निसटू शकतो आणि डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरावीच लागते. त्यासाठीचा कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटवर चालणारा न घेता थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्यावा. काकांनी खाली बसून जिप्सीच्या पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले. ही गोष्ट विसरून अर्धा दिवस दोनच चाकांवर झगडणारे जिप्सीवाले मी पाहिले आहेत आणि त्यांत एकदा स्वतः काकाही होते.

खरी चूक इथे झाली आणि ती आम्हा सर्वांची होती. आम्ही पांढऱ्या थारला तिसऱ्या किंवा चौथ्या जागी न ठेवता, पाहुणा म्हणून, दुसऱ्या जागी घातले आणि गाडी कोणती आहे हे विचारले नाही. थार म्हटली की फोर बाय फोर, असे आपण धरून चालतो. परंतु २०२३ च्या जानेवारीपासून मागच्या दोनच चाकांना ताकद देणारी थारही मिळते आणि दुरून पाहणाऱ्याला दोघींत फरक दिसत नाही. पाण्याने भरलेल्या भाताच्या खाचराला लागून जाणाऱ्या वाटेवर त्या गाडीचे मागचे चाक घसरले. मुलाने घाबरून रेस दाबली, चाक जागेवरच गरगरले आणि पाहता पाहता गाडी तिरकी होऊन पोटावर बसली. खाचराचा बांध हातभर रुंदीचा खचला आणि पाणी वाटेवर वाहू लागले. गुरखाने रेडिओवर ‘फोर लो टाक’, म्हणजे चारही चाके हळू पण जास्त जोराने फिरवणारी लो रेंज लाव, असे दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा उत्तर आले, “दादा, माझ्याकडे तो दांडाच नाही.”

कोणी हसले नाही, निदान तेव्हा तरी नाही. मेजर चिखलात उतरून त्याच्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “अरे, मग सांगायचं ना. तुला मधे घेतलं असतं.” लाजेपोटी आपण बोललो नाही, हे त्याने नंतर जेवताना कबूल केले. तेव्हापासून आम्ही निघण्यापूर्वीच प्रत्येक गाडीला लो रेंज आहे की नाही आणि ओढण्याचा हुक कुठे आहे, हे मोठ्याने विचारून घेतो. दोन चाकांवर चालणारी गाडी आणू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिच्या पुढे आणि मागे ओढू शकणारी गाडी असली आणि कोठे थांबायचे हे आधी ठरलेले असले की झाले.

गाडी पोटावर बसली की आधी खणावे लागते. ओला चिखल गाडीचा तळ चोखून धरतो. तो फावड्याने मोकळा केल्याशिवाय नुसते ओढले, तर तेवढा जोर हुकांवर आणि पट्ट्यावर येतो. आम्ही वीस मिनिटे चाकांपुढची माती काढली, दगड भरले आणि मग मी पुढे होऊन माझी गाडी लावली. पट्टा नायलॉनचा, ताणला जाणारा, नऊ मीटरचा होता आणि त्याच्या मध्यावर ओले पोते टाकलेले होते, जेणेकरून काही तुटलेच तर पट्टा हवेत न उसळता खाली पडावा. सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे केले. एवढी काळजी घेऊनही मी एक मूर्खपणा केला होता, तो असा की माझ्या मागच्या बंपरला मी हौसेने वेल्डिंग करून घेतलेल्या हुकातच पट्टा अडकवला. लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलकेच पुढे गेली, पट्टा ताणला गेला, आणि मागून ‘कट्’ असा आवाज आला. आरशात पाहिले तर हुक उघड्या मुठीसारखा वाकला होता आणि वेल्डिंगच्या कडेला बोटभर चीर पडली होती. तो सुटून उडाला असता तर पोते त्याला रोखू शकले नसते. काकांनी माझ्याकडे पाहिले, चष्मा पुसला आणि एवढेच म्हटले, “चेसिसला बोल्टने बसव. बंपर म्हणजे चेसिस नव्हे.” मग गुरखाच्या चेसिसवरच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावरच्या, हुकाला पट्टा लावला आणि दुसऱ्या झटक्यात थार बाहेर आली.

मामी तोवर इरल्याखाली उभ्या राहून सगळे पाहत होत्या. खाचरात आठ दिवसांपूर्वीची लावणी होती आणि फुटलेल्या बांधातून पाणी निघून गेले तर रोपे उघडी पडली असती. पैसे देण्याची गोष्ट आम्ही काढताच त्या म्हणाल्या, “पैशानं बांध बांधला जातो का, दादा?” मग सहाही गाड्यांतली माणसे बांधाला लागली. डॉक्टर ताईंनी मात्र आधी प्रत्येकाचे पाय पाहिले आणि ज्याला जखम होती त्याला गमबूट चढवल्याशिवाय पाण्यात उतरू दिले नाही, कारण साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोच्या रुग्णांनी पावसाळ्यात दवाखाना कसा भरतो हे त्या दरवर्षी पाहतात. चिखलाचे गोळे एकावर एक थापून, पायाने दाबून बांध उभा राहायला तास लागला. वाहून आलेल्या रोपांच्या मुठी मामींनी स्वतः पुन्हा लावल्या; आमच्यापैकी कोणाला त्यांनी रोपाला हात लावू दिला नाही.

दुपारी ओढ्यावर आलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या थोडे वर आणि गढूळ होते. गुरखाला पलीकडे जायचे होते. काका काठी घेऊन मध्यापर्यंत चालत गेले, परत आले आणि नाही म्हणाले. पाण्याबाबत आमच्यात त्यांचा शब्द शेवटचा असतो. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, त्यांची गाडी कलिन्यात पाण्यात बंद पडली होती आणि त्यांनी ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला होता. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन पूर्ण उघडावे लागले. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करू नये, ओढून बाहेर काढावी आणि मिस्त्रीला दाखवावी. आम्ही अलीकडेच भाकरी, सुकटीची चटणी आणि डब्यांतले काय काय ते खाल्ले आणि थारवाल्याच्या त्या ‘दांडाच नाही’वर हसायला सुरुवातही तिथेच झाली, सर्वांत मोठ्याने तो स्वतः हसला.

परतीचा नियम एकच आहे. आपल्यामागची गाडी आरशात दिसत राहिली पाहिजे आणि फाट्यावर ती दिसेपर्यंत पुढे जायचे नाही. माळशेजच्या वाटेवरच्या टोकावड्याच्या आसपास मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे, परवाना न लागणारे वॉकीटॉकी घ्यावेत. पुढच्या बंपरला लोखंडी गार्ड लावून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या सूचनेनुसार तो बेकायदा आहे आणि परतताना नाकाबंदीत तोच आधी नजरेत भरतो. घरी आल्यावर सोमवारचा दिवस गाडीला द्यावा. तळाचा चिखल वाळण्याआधी धुवावा आणि पाण्यातून गेलेली असल्यास चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे ऑइल पाहावे; ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि ते लगेच बदलावे लागते.

बुधवारी टपरीवर थारवाला सर्वांच्या आधी येऊन बसला होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली जड वस्तू माझ्यापुढे ठेवली. कुर्ल्याहून आणलेला घडीव लोखंडाचा हुक होता आणि त्यासोबत चार बोल्ट, ज्यांच्या डोक्यावर १०.९ हा जादा ताकदीच्या बोल्टचा आकडा उठवलेला होता. मेजरने एक बोल्ट उचलून दिव्याखाली धरला आणि तो खरा असल्याचे जाहीर केले. पैशांचा विषय मी काढला तेव्हा मागाहून हिशेब करू, असे तो म्हणाला. तेवढ्यात काकांना मामांचा फोन आला. बांध टिकला होता. पुढच्या वेळी मात्र भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतरच या, असा निरोप होता.