आमची वाटचाल : हीटर बंद करणारा कारखाना

ऑपरेशन थिएटरला हवा पुरवणाऱ्या यंत्रात, म्हणजे एएचयूमध्ये, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलनंतर बसवलेला हीटर दिसला की आजही माझा जीव तुटतो. हवेतलं पाणी काढायला ती १२-१३ अंशांपर्यंत थंड करायची आणि लगेच पुन्हा तापवायची. थंड करायला वीज, तापवायलाही वीज. भोसरीतला आमचा धंदा हा हीटर बंद करण्यावर उभा आहे.

आम्ही कॉइलला वळसा घालणारी हीट पाइप बनवतो. बाहेरची गरम हवा आधी आमच्या नळ्यांवरून जाते. आतलं आर-१३४ए हे शीतक द्रव्य उकळतं, वाफ कॉइलच्या पलीकडे जाते, तिथल्या गार हवेला उष्णता देते आणि द्रव होऊन उतारानं माघारी येते. पंप नाही, मोटर नाही. पंख्यावर थोडा दाब वाढतो, ते आम्ही कोटेशनमध्येच लिहितो. ‘नवं तंत्र आहे, जोखीम नको’ म्हणणाऱ्या कन्सल्टंटना मी सांगतो, मूळ पेटंट १९४४चं आहे. अलास्काच्या तेलवाहिनीच्या खांबांखालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून १९७०च्या दशकात अशाच तत्त्वाच्या नळ्या हजारोंनी उभ्या केल्या.

तरी आम्ही बुडता बुडता वाचलो. मुंबईच्या एका मोठ्या कामावर माल बसला, चालू झाला, आणि एका स्पर्धकानं वर कानात घातलं : यांच्या नळ्या रिकाम्याच आहेत. सीलबंद नळी उघडून दाखवावी तर ती तिथंच मेली. बिल अडलं. कॅश क्रेडिटची मर्यादा संपली, तांबेवाल्यानं उधारी थांबवली, कामगारांचे पगार घरातलं सोनं ठेवून केले. मी बादलीभर कढत पाणी मागवून आमची एक नळी आणि तेवढाच भरीव तांब्याचा गज त्यात उभा केला. गजाचं वरचं टोक गारच होतं, नळीचं मात्र हातात धरवेना. साइटवरच्या सगळ्यांनी पाहिलं. तरीही पुढच्या टप्प्याचं काम स्वस्त म्हणून त्याच स्पर्धकाला गेलं. त्याच्या नळ्यांना नंतर मी हात लावून पाहिला : आत राहिलेली हवा थंड टोकाला साचलेली, तेवढा भाग बिनकामाचा.

त्या काळात रत्नागिरीच्या एका रुग्णालयाचे मेंटेनन्सवाले साहेब उभे राहिले नसते तर शटर ओढलं असतं. पावसाळ्यात त्यांच्या थिएटरच्या भिंतींना ओल धरायची. आमच्यावर उठलेली आवई त्यांच्याही कानावर होती, तरी ऑर्डरबरोबर पूर्ण आगाऊ रक्कम त्यांनी मंजूर करून आणली. त्या पैशातून आधी पगार झाले, मग तांबं आलं. आजही त्यांचा फोन आला की हातातलं काम ठेवून मी बोलतो.

नळ्यांत शीतक भरण्याचा आमचा चार्जिंग स्टँड एकदा येऊन बघाच. दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप, नळीतला व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज, ग्रॅम दाखवणारा काटा. पंप बंद केल्यावर गेज चढत राहिला तर ती नळी बाजूला, मग डिस्पॅच कितीही अडो. ब्रेझिंगला, म्हणजे नळ्यांचे सांधे तापवून जोडताना, आतून नायट्रोजन सोडतोच, नाहीतर तांब्याला काळी खपली धरते. नव्या मुलांना मी पहिले काही महिने ब्रेझिंगचा टॉर्च देत नाही, फक्त गेज वाचायला बसवतो.

हीट पाइप कोणाकडूनही घ्या, पण चाचणी जुलैत ठेवा. कोरड्या हवेत सगळ्यांच्याच कॉइल पास होतात. बसवताना लेव्हल लावून उतार तपासा, गरम बाजू खाली हवी. हीटरला वेगळा मीटर लावा आणि शेवटचा हप्ता त्या मीटरवर ठरवा. आम्ही अशी अट आनंदानं घेतो.

मुंबईचं ते बिल अजून पूर्ण आलेलं नाही. दर एप्रिलला मी स्टेटमेंट पाठवतो.